साठ सेकंदांचं घड्याळ

मी सोलापुरात काही पतसंस्था, टॉवेलचे कारखाने आणि एकदोन दवाखाने यांचे कॉम्प्युटर सांभाळते आणि संध्याकाळी पोरांना नेटवर्किंग शिकवते. काम सांगितलं की नवा माणूस हमखास विचारतो, "मग तुम्हाला हॅकिंग येत असेल की ओ?" आणि लगेच आवाज खाली आणून, "एकाचं इन्स्टाग्राम बघायचं होतं." नवी पेठेतल्या कापडवाल्याने विचारलंय, क्लासच्या पोरांच्या वडिलांनी विचारलंय. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका वकीलबाईंनीही विचारलंय. या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं. अंधारी खोली, टोपी पुढे ओढलेला पोरगा, पडद्यावर धो धो वाहणारी हिरवी अक्षरं, पळणारी बोटं आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅक्सेस ग्रँटेड'.

हे चित्र सिनेमाने दिलं. ती हिरवी अक्षरं १९९९ च्या 'द मेट्रिक्स'मधली, आणि ज्याने ती घडवली त्या सायमन व्हाइटलीने पुढे सांगितलं की ती बायकोच्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांतून उचलली होती. म्हणजे जगभरच्या पोरांना जी हॅकिंगची भाषा वाटते ती सुशी करायची कृती आहे. मला हे फार आवडतं. सिनेमाने डोळ्यांना काहीतरी द्यायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खऱ्या कामात पडद्यावर दिसतं ते तासन् तास कंटाळवाणं असतं. नोंदींच्या ओळी वाचायच्या, एक आज्ञा द्यायची, वाट बघायची, पुन्हा वाचायचं. हे दाखवलं तर पहिल्या रांगेतला माणूसही उठून जाईल.

तक्रार दुसरीच आहे, आणि ती माझ्या शेजारच्या अण्णांच्या निमित्ताने पक्की झाली. पण आधी सिनेमाबद्दलच बोलते.

२००१ च्या 'स्वोर्डफिश'मध्ये नायकाच्या डोक्याला पिस्तूल लावून सांगतात की साठ सेकंदांत १२८ बिटची सुरक्षा फोड. तो फोडतो. १२८ बिटची किल्ली म्हणजे १२८ शून्य-एकांची माळ. तिच्या किती शक्यता, ते मी वर्गात फळ्यावर मांडते. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून बघणारं यंत्र आपल्याकडे आहे असं धरलं, तरी सगळ्या किल्ल्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळपास ऐंशी कोटी पट वेळ लागेल. इथे बुद्धी, हिंमत, पिस्तूल काहीच कामाचं नाही. गणितापुढे सगळे सारखे.

दुसरी एक गोष्ट तर जवळपास प्रत्येक सिनेमात असते. पासवर्डची अक्षरं एकेक करून पडद्यावर स्थिर होत जातात. पहिलं सापडलं, दुसरं सापडलं, उरलेली अजून फिरतायत, पार्श्वसंगीत चढतंय. पोरांना मी एटीएमच्या चार आकडी पिनचं उदाहरण देते. आकडा बरोबर आला की यंत्र तेवढ्यापुरतं 'बरोबर' म्हणणार असेल, तर जास्तीत जास्त चाळीस प्रयत्नांत पिन हातात. पण यंत्र तसं बोलतच नाही. ते फक्त 'चूक' म्हणतं. कुठला आकडा चुकला, किती चुकले, काही सांगत नाही. म्हणून शक्यता १०,००० होतात, आणि काही चुकांनंतर कार्डच बंद पडतं. पिनची सगळी ताकद यंत्राच्या त्या मौनात आहे. हे एकदा कळलं की पोरं सिनेमातला तो सीन आला की आपणच ओरडतात.

पण सगळे सिनेमे असे नाहीत, आणि ज्याने खरी मेहनत घेतली त्याला श्रेय द्यायला हवं. २००३ च्या 'मेट्रिक्स रीलोडेड'मध्ये नायिका ट्रिनिटी वीजकेंद्राच्या यंत्रणेत शिरते तेव्हा ती एनमॅप नावाचं खरंखुरं साधन वापरते, उघडं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं नेटवर्ककडचं उघडं दार, शोधते आणि एसएसएच या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरमधली दोनच वर्षांपूर्वी सापडलेली खरी त्रुटी वापरते. दोनचार सेकंदांचं दृश्य. आम्ही या धंद्यातली माणसं ते थांबवून थांबवून बघतो.

माझा सगळ्यांत लाडका मात्र १९८३ चा 'वॉरगेम्स'. एक शाळकरी पोरगा घरबसल्या फोनच्या लायनीवरून अमेरिकेच्या अणुयुद्धाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. शाळेच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दर काही आठवड्यांनी बदलतात, पण तो कुठे लिहून ठेवतात हे त्याला माहीत असतं. ऑफिसातल्या टेबलाच्या एका फळीवर यादी असते आणि त्यात शेवटचा शब्द 'पेन्सिल'. पुढे लष्करी कॉम्प्युटरचा पासवर्ड शोधायला तो कसलंही यंत्र चालवत नाही. ज्या प्राध्यापकाने त्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसतो. त्या माणसाचा लहान मुलगा वारला होता. मुलाचं नाव जोशुआ. तोच पासवर्ड. एका बापाचं दुःख ओळखलं आणि दार उघडलं. (याच सिनेमात शेवटी क्षेपणास्त्रांचा कोड मात्र एकेक अक्षर करून सापडतो. एवढं माफ.)

पटकथाकारांनी लिहिताना विलिस वेअर या तज्ज्ञाला विचारलं होतं की बाहेरच्या माणसाला असं शिरता येईल का. त्याने सांगितलं, येईल. काही अधिकाऱ्यांना शनिवार-रविवारी घरून काम करायचं असतं, म्हणून एखादी वाट उघडी ठेवलेली असते. जून १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा सिनेमा कॅम्प डेव्हिड या आपल्या विश्रांतीच्या ठिकाणी बघितला आणि संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष जनरल व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? आठवड्याने उत्तर आलं. परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ वाईट आहे. पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर १९८४ मध्ये, संगणक सुरक्षेबद्दलचा राष्ट्रीय आदेश निघाला. एका सिनेमाने एवढं केलं. म्हणून मला सिनेमाला 'नुसती करमणूक' म्हणवत नाही. तो शिकवतोच. काय शिकवतो, एवढाच प्रश्न.

आता अण्णा.

अण्णा आमच्या शेजारी राहतात, पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मागावर दोन्ही. आयुष्यभर यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की बोलावतात तो माणूस. एप्रिलमधली गोष्ट. आपल्याकडच्या एप्रिलचं मी सोलापूरकरांना काय सांगू. रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात आणि पंखा बंद झाला तर म्हातारं माणूस आणि लहान पोर दोघांचाही जीव कासावीस होतो. संध्याकाळी सातच्या सुमारास अण्णांच्या फोनवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडण्यात येईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा.

बिल तर भरलेलं होतं. पावती खणात होती. पण वीज कंपनीचं ऑफिस तेव्हा बंद झालेलं, बँक बंद, मुलगा पुण्याला, आणि नातवाचा दुसऱ्या दिवशी पेपर. अण्णांनी फोन केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. "अंकल, टेन्शन मत लीजिए, सिर्फ दस रुपये से अपडेट हो जाएगा." मग एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्या अ‍ॅपमधून अण्णांच्या फोनचा पडदा त्याला दिसायला लागला. मग दहा रुपये कार्डाने भरायला सांगितले. अण्णांनी कार्डाचा नंबर टाकला, तो त्याने बघितला. ओटीपी आला, तोही त्याने बघितला. मधूनमधून तो सांगत होता, अंकल जल्दी, नौ बज गए, लाइनमन निकल चुका है. साडेनऊच्या आत अण्णांच्या खात्यातून पन्नास हजारांच्या वर रक्कम गेली. पंखा चालूच होता.

अण्णा माझ्याकडे आले तेव्हा सव्वादहा वाजले असतील. आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली. सगळं सांगून झाल्यावर अण्णा म्हणाले, "हॅकर होता ओ तो. मशीनमध्ये शिरला. माझ्यासारख्याचं काय चालणार त्याच्यापुढं."

मी तेव्हा काहीच बोलले नाही. पण नंतर हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं. शिकलेल्यांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या, एका मुख्याध्यापिकेच्याही. खातं हॅक झालं, फोन हॅक झाला. खरं तर काहीच हॅक झालेलं नसतं. यंत्रातली एकही भिंत पडलेली नसते. माणसाने घाबरून स्वतःच्या हाताने दार उघडलेलं असतं, आणि हे कबूल करायला फार जड जातं. अलौकिक बुद्धीच्या माणसाकडून हरलो म्हटलं की मान थोडी वर राहते. सिनेमातला हॅकर इथे फसलेल्या माणसाच्या मदतीला येतो, त्याची लाज झाकतो. याबद्दल मला अण्णांवर रागवता येत नाही. पण या झाकण्यापायी पुढचा माणूसही फसतो. कारण पुढच्यालाही टोपीवाल्या पोराचीच भीती असते, आणि फोनवरचा अदबीने बोलणारा माणूस त्याला हॅकर वाटतच नाही.

सिनेमाबद्दल माझी जी तक्रार आहे ती ही. त्याने घड्याळ भलत्याच माणसाच्या डोक्यावर ठेवलं. सिनेमात साठ सेकंद हॅकरकडे असतात. घाम त्याला फुटतो, हात त्याचे थरथरतात. प्रत्यक्षात चोराला काडीचीही घाई नसते. घाई तुम्हाला लावली जाते. साडेनऊ तुमचे वाजायचे असतात.

चोर किती थांबू शकतो याचा सगळ्यांत मोठा दाखला बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचा. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणारे ईमेल आले, सोबत बायोडेटाची लिंक. कुणीतरी ती उघडली. चोर आत आले आणि वर्षभर बसून राहिले. कोण कधी येतं, कुठल्या कॉम्प्युटरवरून पैसे पाठवायच्या सूचना निघतात, सगळं बघत. आणि दिवस निवडला ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. ढाक्यात शुक्रवारची सुट्टी, बांगलादेशचे पैसे जिथे ठेवलेले होते त्या न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि ते जिथे वळवायचे होते त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर त्यांनी आधीच बंद पाडला होता. बँकेतल्या लोकांना वाटलं, नेहमीसारखा बिघडला असेल. सुमारे ९५ कोटी डॉलरच्या मागण्या गेल्या. त्यातले ८.१ कोटी डॉलर फिलिपाइन्सला पोचले, आणि श्रीलंकेला निघालेले २ कोटी अडकले ते 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं म्हणून. यात कुठेही पळणारी बोटं नाहीत. आहे तो सुट्ट्यांचा अभ्यास.

आपल्याजवळचं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ऑगस्ट २०१८, सुमारे ९४ कोटी रुपये. बँकेच्या यंत्रणेला हुलकावणी देणारं सॉफ्टवेअर कुणीतरी फार हुशारीने केलं होतं, हे खरं. पण त्या एका शनिवारी २८ देशांत एटीएमसमोर उभं राहून बनावट कार्डांनी नोटा काढणारी माणसं हाडामांसाची होती. त्यांना कॉम्प्युटरचं काही येत असण्याची गरजच नव्हती. एवढी मोठी फौज सिनेमात मी अजून बघितली नाही. सिनेमाला एकटा हॅकर लागतो. दुःखी, हुशार आणि एकटा.

फोनची ताकद ओळखणारे सिनेमे थोडे आहेत, पण आहेत. १९९५ च्या 'हॅकर्स'ची लोक थट्टा करतात, कारण त्यात कॉम्प्युटरच्या आत काचेच्या इमारतींचं शहर दिसतं. पण त्याच सिनेमात पोरगा टीव्ही स्टेशनमध्ये शिरतो तो कसा? रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला फोन करून, हिशेब खात्यातला अडचणीत सापडलेला माणूस असल्याचं भासवून मोडेमचा नंबर विचारून. आणि 'मिस्टर रोबॉट' मालिकेच्या २०१५ मधल्या पहिल्याच भागात नायक एलियट एका माणसाला बँकेच्या फसवणूक विभागातून बोलतोय म्हणून फोन करतो. तुमच्या खात्यात गडबड झालीय, खात्री करायला दोन प्रश्न विचारतो. आवडता संघ कोणता, पाळीव प्राण्याचं नाव काय. माणूस सांगून टाकतो. हे दृश्य मी प्रत्येक बॅचला दाखवते आणि मग अण्णांना आलेला मेसेज वाचून दाखवते. त्यानंतर वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही, कारण प्रत्येकाच्या घरात कुणीतरी अण्णा असतोच.

अण्णांची अजून एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय माझ्यापुरता पुरा होत नाही.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड नावाच्या, मागावर बसवलेल्या यंत्रावर निघते. मागाच्या वर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची लांबट कार्डं दोरीने ओवून टांगलेली असतात. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. आता पुष्कळ ठिकाणी हे काम इलेक्ट्रॉनिक झालंय, पण अण्णांचं आयुष्य कार्डांवर गेलं. एकदा नव्या डिझाइनमध्ये मोराच्या चोचीवर एक धागा दर वेळी जास्तीचा उचलला जात होता. मालक म्हणाले, कार्डं पुन्हा पाडून आणू. अण्णांनी चादर मांडीवर घेऊन ओळी मोजल्या, मग कार्डं मोजली, नेमकं कार्ड काढलं, त्यातलं एक भोक कागदाचा तुकडा खळीने चिकटवून बंद केलं आणि माग चालू केला. चोच सरळ झाली. १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन या प्रचंड कॉम्प्युटरच्या कागदी पट्टीवर चुकीची भोकं अशीच कागद चिकटवून बुजवलेली आहेत. जॅकार्डची कार्डं १८०४ च्या सुमाराची फ्रान्सची. ती बघून बॅबेज या इंग्रज गणितज्ञाला आपल्या गणकयंत्रासाठी कार्डं सुचली. त्यामुळे अण्णा जे करत होते ते कॉम्प्युटरच्या मूळ कामापासून लांबचं मुळीच नव्हतं.

हॅकर संस्कृती, म्हणजे यंत्र उघडून समजून घ्यायची ओढ, जिथे जन्मली ती जागाही अशीच होती. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी खेळण्यातल्या आगगाड्यांचा एक क्लब होता. त्यातली काही पोरं रूळ आणि डब्यांपेक्षा टेबलाखालच्या तारांमध्ये आणि टेलिफोनच्या रिलेमध्ये रमायची. पुढे ती रात्री-अपरात्री टीएक्स-झिरो नावाच्या कॉम्प्युटरपाशी बसायला लागली, कारण दिवसा तो त्यांना मिळायचा नाही. कागदी पट्टीवर लिहिलेले प्रोग्रॅम खणात ठेवायचे. ज्याला हवा तो घेईल, सुधारेल, परत ठेवेल. १९८० च्या सुमारास त्याच संस्थेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला एक नवा लेझर प्रिंटर छळत होता. कागद अडकला की कुणाला कळायचं नाही. जुन्या प्रिंटरसाठी त्याने सगळ्यांना सूचना जाईल अशी सोय स्वतः लिहिली होती. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे बदल करता येईल असा मूळ प्रोग्रॅम, मिळेचना. या असल्या अडवणुकींतून १९८३ मध्ये जीएनू प्रकल्प निघाला, कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल असं सॉफ्टवेअर लिहिण्याचा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने त्याला जोडणारा लिनक्सचा गाभा दिला. माझ्या पतसंस्थांचे सर्व्हर आज त्यावर चालतात. त्याच्या परवान्यासाठी या पतसंस्थांनी कुणाला रुपया दिलेला नाही.

बिघडलेलं यंत्र बघून ज्याला झोप येत नाही, जो ते उघडतो, समजून घेतो आणि दुसऱ्यालाही समजावतो, तो माणूस या संस्कृतीचा खरा मानकरी आहे. अण्णांनी किती पोरांना माग शिकवला याची मोजदाद नाही. आणि ज्याने अण्णांना लुटलं त्याच्याकडे यातलं काहीही नव्हतं. त्याच्याकडे एक पाठ केलेलं भाषण होतं, दुसऱ्या कुणीतरी केलेलं अ‍ॅप होतं आणि नंबरांची यादी होती. सिनेमाने बुद्धी चोराला दिली आणि चोरी बुद्धिमानाच्या माथी मारली. अण्णांनी चोराला मिळालेली ती बुद्धी खरी मानली, स्वतःला अडाणी ठरवून घेतलं, आणि याचं मला त्या गेलेल्या पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पैशांतला काही भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला होता. तो परत मिळायला बरेच हेलपाटे घालावे लागले. अण्णांनी ते सगळे घातले. आता ते माझ्या वर्गात महिन्यातून एकदा येऊन बसतात. पोरांना मेसेज कसा आला, आवाज कसा होता, नऊ वाजल्याचं तो किती वेळा म्हणाला, सगळं सांगतात. सुरुवातीला हे सांगताना खाली बघायचे. एका पोराने विचारलं, "आजोबा, जॅकार्डमध्ये पण झिरो आणि वनच असतंय का?" तेव्हापासून येताना पिशवीत दोन जुनी कार्डं आणतात.

मला या विषयावर एक मराठी सिनेमा बघायचाय, सोलापुरातच घडणारा. त्याचा खलनायक खुर्चीत टेकून बसलेला असू दे, चहा पीत, कुठल्याही घाईशिवाय, समोर वही आणि वहीत ऐंशी नंबर. एकाहत्तर जण फोन ठेवतात, तो शांतपणे पुढचा लावतो. इकडे साखर पेठेतल्या एका घरात रात्रीचे सव्वानऊ वाजलेत, बाईच्या हातात फोन आहे, पलीकडून आवाज येतोय, जल्दी कीजिए मॅडम. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलू नये. तिला घाम फुटलाय, ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, मग उठून खणातलं जुनं वीजबिल काढते, फोन कापते आणि त्या बिलावर छापलेल्या नंबरला फोन लावते. तिथे खूप वेळ गाणं वाजत राहतं, आणि ती थांबते. या दृश्याला पार्श्वसंगीत चढतं ठेवायला माझी काही हरकत नाही.